तिसरं औषध आत्ता, की नंतर?

काकांचा रक्ताचा कर्करोग दुसऱ्यांदा उलटला तेव्हा त्यांना एका चाचणीत घेतलं. एका गटाला दोन औषधं, दुसऱ्याला तीन. कोण कुठल्या गटात हे संगणक ठरवणार. काकांच्या वाट्याला तीन आली. सोबत एक नोंदवही मिळाली. तारीख, गोळीची वेळ, सही आणि शेवटी एक अरुंद रकाना: 'काही त्रास?' काका हिशेबाचे पक्के, रोज रात्री वही भरायचे. चौथ्या महिन्यात रक्तातलं ते नको असलेलं प्रथिन जवळपास दिसेनासं झालं, डॉक्टर खूश झाले, आणि त्याच आठवड्यात काकांनी त्या अरुंद रकान्यात लिहिलं, 'शर्टाचं बटण लागत नाही.'

पुढच्या भेटीला चाचणीचं काम बघणाऱ्या सिस्टरनी विचारलं, "मग बटणं कोण लावतं?" काका म्हणाले, "ही लावते." काकूंकडे एकदा बघून सिस्टरनी फॉर्मवर 3 लिहिले. दुष्परिणाम मोजायची जी सर्वमान्य पट्टी आहे, तिच्यात बोटांच्या बधिरपणामुळे कपडे घालायला, आंघोळीला, जेवायला अडचण आली की तिसरी श्रेणी. फोन लावणं, पैसे मोजणं अशा कामांत अडखळलं तर दुसरी. 'हल्ली टी-शर्टच घालतो, चाललंय' असं काकांनी सांगितलं असतं तर बहुधा 2 वर निभावलं असतं. बोटं तीच, बधिरपणा तोच.

त्या आकड्यामुळे मी या चाचण्यांचे शोधनिबंध वाचायला लागलो. मी डॉक्टर नाही. पण निबंध वाचताना एक प्रश्न सारखा समोर यायचा आणि त्याचं उत्तर त्यात कुठेच सापडायचं नाही. लेख त्या प्रश्नाबद्दल आहे.

आजाराचं नाव मल्टिपल मायलोमा. अस्थिमज्जेत प्लाझ्मा पेशी असतात; जंतूंशी लढायला लागणारी प्रतिपिंडं त्या बनवतात. त्यातली एखादी बिघडते, तिच्या बेसुमार प्रती निघतात आणि सगळ्या मिळून एकाच साच्याचं निरुपयोगी प्रथिन रक्तात ओतत राहतात. हाडं पोखरली जातात, मूत्रपिंडं तुंबतात, रक्त उतरतं, साधी सर्दी न्यूमोनियावर जाते. औषधांनी आजार दबतो, कधी कधी वर्षानुवर्षं दबतो. पण बहुतेकांच्या बाबतीत तो उलटतो, पुन्हा दबतो, पुन्हा उलटतो, आणि दर खेपेला दबून राहण्याचा काळ आखूड होत जातो. त्यामुळे इथे कुठलं औषध द्यायचं याच्या जोडीनं ते कधी द्यायचं हाही प्रश्न असतो, दर वेळी.

एके काळी या दुसऱ्या प्रश्नाला अर्थच नव्हता, कारण द्यायला फारसं काही नव्हतंच. 1960 च्या दशकापासून मेलफॅलन आणि स्टिरॉइड ही जोडी. पुढे कित्येक वर्षं मुख्य आधार तोच. 1999 साली थॅलिडोमाइड आलं. गरोदर स्त्रियांना दिल्यामुळे हजारो मुलं हातापायांच्या व्यंगासह जन्मली म्हणून 1961 साली बाजारातून हाकललं गेलेलं हेच ते औषध. सगळे उपाय थकलेल्या 84 मायलोमा रुग्णांना ते दिलं आणि जवळपास एक तृतीयांशांमध्ये आजार मागे हटला. मग 2003 साली बोर्टेझोमिब, 2006 साली लेनालिडोमाइड. 2015 च्या नोव्हेंबरात तर अमेरिकेत एकाच महिन्यात तीन नव्या औषधांना मंजुरी मिळाली: डॅराटुमुमॅब, इक्साझोमिब, एलोटुझुमॅब. नंतर रुग्णाच्याच पेशी बदलून परत देणारी कार-टी आली, एका हातानं कर्कपेशी आणि दुसऱ्या हातानं रोगप्रतिकारक पेशी धरणारी दुहेरी प्रतिपिंडं आली.

रिकामं कपाट भरलं ही आनंदाचीच गोष्ट. पण भरलेल्या कपाटाचा हिशेब वेगळा असतो. समजा 12 औषधं आहेत. त्यातून तिघांच्या 220 तिकड्या निघतात. एका चाचणीला पाचसातशे रुग्ण आणि पाचसात वर्षं लागतात. सगळ्या तिकड्या तपासणं कुणाच्या बापाला शक्य नाही. मग कुठल्या तपासायच्या हे कोण ठरवतं? व्यवहारात, ज्याचं औषध तो. आणि ज्याचं औषध तो कुठला प्रश्न विचारेल हे सांगायला ज्योतिषी लागत नाही: "चालू जोडीत माझं औषध घातलं तर जास्त फायदा होतो का?"

प्रश्न वाईट नाही. औषधं जोडीनं देण्यामागे पक्कं शास्त्र आहे. क्षयरोगात नुसतं स्ट्रेप्टोमायसिन दिलं की जंतू काही आठवड्यांत त्याला सरावतात. सोबत दुसरं औषध दिलं तर सरावणं अवघड जातं, हे ब्रिटनमधल्या चाचणीनं 1950 साली दाखवलं. एमिल फ्राय आणि एमिल फ्रायरायख या अमेरिकी डॉक्टरांनी 1960 च्या दशकात तोच विचार मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात नेला. एकेकट्या औषधानं काही महिन्यांत उलटणारा तो आजार चार औषधं एकत्र दिल्यावर वर्षानुवर्षं दबला आणि काही मुलं चक्क बरी झाली. मायलोमातही एका रुग्णाच्या अंगात एकच एक कर्कपेशी नसते, तिच्या अनेक शाखा असतात. एक औषध एका शाखेला मारतं, तोवर दुसरी शाखा मोकळ्या जागेत फोफावते. दोन्ही दारं एकदम अडवली तर बरं, हे कुणालाही पटेल.

आकडेही तेच सांगतात. लेनालिडोमाइड आणि डेक्सामेथासोन (हे स्टिरॉइड) या जोडीत कारफिलझोमिब घातलं (ॲस्पायर चाचणी, 792 रुग्ण) तर आजार पुन्हा वाढेपर्यंतचा मध्यक काळ (निम्म्या रुग्णांना त्याहून कमी, निम्म्यांना जास्त) 17.6 महिन्यांवरून 26.3 वर गेला. त्याच जोडीत डॅराटुमुमॅब घातलं (पोलक्स, 569 रुग्ण) तर 17.5 वरून 44.5 वर. इतकी मोठी उडी या आजारात पूर्वी कुणी पाहिली नव्हती. तिकडी घेणाऱ्यांचं आयुष्यही वाढलं: पोलक्समध्ये मध्यक आयुष्य 51.8 महिन्यांऐवजी 67.6 महिने. हे आकडे बघून तिकडी नको म्हणणाऱ्याला मी वेड्यात काढेन.

पण पोलक्समध्ये तुलना कशाची कशाशी झाली ते नीट बघा. एका गटाला तिन्ही औषधं आत्ता. दुसऱ्याला दोन आत्ता, आणि आजार वाढल्यावर पुढचं काय ते ज्याचं त्यानं बघावं. कुणाला तिसरं औषध नंतर मिळालं, कुणाला नाही; ज्या देशात ते मंजूर नव्हतं तिथे मिळण्याचा प्रश्नच नव्हता. अशा चाचणीतून 'तिसरं औषध मिळणं हे न मिळण्यापेक्षा चांगलं' एवढं सिद्ध होतं. रुग्णाला आणि डॉक्टरला हवं असलेलं उत्तर वेगळ्या प्रश्नाचं आहे: हे तिसरं औषध आत्ता दोघांच्या सोबत द्यावं, की हाताशी राखून ठेवावं आणि ही जोडी थकली की काढावं? माझं म्हणणं एवढंच आहे की जोडीची तिकडी आणि तिकडीची चौकडी करू पाहणाऱ्या प्रत्येक मोठ्या चाचणीला हा प्रश्न विचारणं सक्तीचं असावं. आज तो बहुतेक चाचण्या विचारत नाहीत. आणि न विचारताच उत्तर मिळाल्यासारखं सगळे वागतात.

शंका पोकळ नाही, याचा दाखला दुसऱ्या कर्करोगातून देतो. पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगात अमेरिकेतल्या, अनेक रुग्णालयं मिळून बनलेल्या एका सहकारी संशोधन गटानं 739 स्त्रियांना तीन गटांत वाटलं. एका गटाला आधी डॉक्सोरुबिसिन आणि ते थकल्यावर पॅक्लिटॅक्सेल, दुसऱ्याला उलट क्रमानं, तिसऱ्याला दोन्ही एकदम. 2003 साली निकाल छापून आला. एकदम दिलेल्यांत गाठी आक्रसण्याचं प्रमाण जास्त होतं, 47 टक्के. एकेकट्या औषधानं 36 आणि 34 टक्के. आजार रोखून धरण्यातही जोडीच पुढे. पण आयुष्य? मध्यक 18.9, 22.2 आणि जोडीचं 22.0 महिने, म्हणजे संख्याशास्त्राच्या भाषेत फरक नाही. जगण्याच्या दर्जातही फरक नाही. तिसरा गट नुसता 'एक औषध, पुढचं तुमचं तुम्ही' अशा गटाशी ताडला असता तर जोडीचा जयजयकार झाला असता.

यामागचं एक कारण 2017 साली ॲडम पामर आणि पीटर सोर्गर या संशोधकांनी मांडलं, आणि ते वाचून मी थोडा वेळ शांत बसलो. आपण धरून चालतो की दोन औषधं एकत्र दिली की ती एकमेकांना हात देतात, एक आणि एक अकरा होतात. या दोघांनी अनेक चाचण्यांचे आकडे घेऊन दाखवलं की कित्येक जोड्यांचं यश समजावून द्यायला अकरा लागतच नाहीत. काही रुग्णांना पहिलं औषध लागू पडतं, काहींना दुसरं. दोन्ही दिली की प्रत्येकाला आपापलं लागू पडणारं औषध मिळतं आणि सरासरी वर जाते. जुगारात दोन आकड्यांवर पैसे लावण्यासारखंच. म्हणजे गटाचा फायदा खरा, पण गटातल्या एकेका माणसाला बहुधा एकाच औषधाचा फायदा आणि दोन्हींचा त्रास. आणि कोणतं औषध कुणाला लागू पडतं हे आधी ओळखता आलं, किंवा एक देऊन बघून मग दुसरं देता आलं, तर त्रास निम्म्यावर येऊ शकतो. सगळ्याच जोड्यांना हे लागू नाही. एलोटुझुमॅबचंच बघा. एकटं दिलं तर मायलोमा ढिम्म हलत नाही, आणि लेनालिडोमाइडच्या सोबत दिलं तर एलोक्वेंट-2 चाचणीत आजार वाढेपर्यंतचा काळ 14.9 वरून 19.4 महिन्यांवर जातो. इथे एकानं दुसऱ्याला हात दिला हे उघड आहे. म्हणजे कुठली जोडी कुठल्या प्रकारातली हे खुर्चीत बसून ठरत नाही, तपासावं लागतं.

आता माझ्या म्हणण्यावरचा सगळ्यात जोरदार आक्षेप. तो मला एका रक्तविकारतज्ज्ञ बाईंनी ऐकवला, आणि चांगलाच ऐकवला. "नंतर देऊ म्हणता," त्या म्हणाल्या, "पण नंतर रुग्ण असतो का?" युरोपातल्या सुमारे 5,000 मायलोमा रुग्णांच्या नोंदी तपासणारा अभ्यास 2016 साली आला. 95 टक्के रुग्णांना पहिली उपचारफेरी मिळाली. दुसरीपर्यंत पोचले 61 टक्के, तिसरीपर्यंत 38, चौथीपर्यंत 15. बाकीच्यांतले बरेच गेले, किंवा इतके खंगले की आणखी काही देणं शक्य राहिलं नाही. कपाटात राखून ठेवलेलं चांगलं औषध अनेकांच्या बाबतीत कपाटातच राहतं. म्हणून त्यांचं म्हणणं, चांगलं ते आधी द्या, एकदम द्या.

या आकड्यांपुढे मला गप्प बसावं लागलं. पण घरी आल्यावर वाटलं, हे आकडे माझ्याच बाजूनं बोलतात. एक तर, ते त्या वेळच्या औषधांचे आहेत. पुढच्या फेरीला माणूस किती पोचतो हे आधीच्या फेरीनं त्याला किती दमवलं यावरही ठरतं. दुसरं म्हणजे, 'नंतर' मिळण्याची खात्री नसणं हाच तर तपासायचा धोका आहे. 'आत्ता तीन' विरुद्ध 'आत्ता दोन, आणि प्रथिन वाढायला लागताच ठरल्याप्रमाणे तिसरं' अशी चाचणी घेतली तर वाटेत गळणारे रुग्ण दुसऱ्या गटाच्या खात्यावर आपोआप जमा होतात. बाईंचं खरं असेल तर पहिला गट जिंकेल आणि आमचं तोंड कायमचं बंद होईल. मग घ्या की तशी चाचणी.

नाण्याची दुसरी बाजूही मोजायला हवी. तीन वेगळ्या वर्गांची, म्हणजे तीन वेगळ्या तऱ्हांनी काम करणारी, औषधं एकदम दिली आणि आजार त्यांच्यावर मात करून उठला, की तिन्ही वर्ग एकाच वेळी बाद होतात. अमेरिकेतल्या 14 केंद्रांमधल्या, डॅराटुमुमॅबच्या वर्गाला दाद न देणाऱ्या 275 रुग्णांच्या नोंदी 2019 साली छापून आल्या. तिथून पुढचं मध्यक आयुष्य 8.6 महिने होतं. कार-टी आणि दुहेरी प्रतिपिंडांनी आता हे चित्र बदलतंय. पण आता तीही पहिल्या-दुसऱ्या फेरीतल्या जोड्यांमध्ये ओढली जात आहेत, आणि प्रश्न पुन्हा तिथेच येऊन थांबतो.

'जास्त औषधं म्हणजे जास्त आयुष्य' हा हिशेब कसा फसतो, याचं बेलिनी चाचणीइतकं लख्ख उदाहरण मला माहीत नाही. उलटलेल्या मायलोमाच्या 291 रुग्णांना बोर्टेझोमिब आणि डेक्सामेथासोन दिलं; दोन तृतीयांश रुग्णांना त्यात व्हेनेटोक्लॅक्स, उरलेल्यांना तशाच दिसणाऱ्या औषध नसलेल्या गोळ्या. आजार वाढेपर्यंतचा काळ जवळपास दुप्पट झाला, 11.5 वरून 22.4 महिने. नेहमीच्या मोजपट्टीवर हा दणदणीत विजय. पण मृत्यू मोजले तेव्हा व्हेनेटोक्लॅक्सच्या गटात 194 पैकी 41 जण दगावले होते आणि दुसऱ्या गटात 97 पैकी 11. पहिल्या गटात जंतुसंसर्गानं घात केला होता. 2019 च्या मार्चमध्ये अमेरिकी औषध नियामकांनी मायलोमातल्या या औषधाच्या चाचण्यांमध्ये नवे रुग्ण घेणं थांबवलं. ज्यांच्या कर्कपेशींत 11 आणि 14 या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली असते, अशा थोड्या रुग्णांना हे औषध चांगलं मानवतं, हेही त्याच चाचणीनं दाखवलं. म्हणजे औषध टाकाऊ नव्हतं. सरसकट सगळ्यांच्या ताटात वाढणं चुकीचं होतं.

त्याआधी 2017 च्या जुलैत पेम्ब्रोलिझुमॅबच्या दोन चाचण्या अशाच थांबल्या. दुसऱ्या कर्करोगांमध्ये नावाजलेलं हे औषध मायलोमातल्या ठरलेल्या जोड्यांना लावलं होतं. एका चाचणीत पेम्ब्रोलिझुमॅबच्या गटात 29 मृत्यू आणि तुलनेच्या गटात 21. दुसरीत 19 आणि 9. कागदावर ही जोडी फार सुंदर दिसत होती, म्हणूनच कुणीतरी ती तपासली. तपासली नसती आणि डॉक्टरांनी आपापल्या हुशारीवर वापरली असती तर कळलंही नसतं. चाचण्यांवर एवढी टीका करत असलो तरी त्या थांबवाव्यात असं मी कधीच म्हणणार नाही, ते यामुळेच.

मोजपट्टीचा विषय निघालाच आहे तर 'आजार वाढला' म्हणजे नेमकं काय तेही सांगतो. रक्तातलं ते प्रथिन सगळ्यात खाली गेलं होतं तिथून 25 टक्क्यांनी, आणि कमीत कमी दर डेसिलिटरला अर्ध्या ग्रॅमनं वाढलं, की आजार वाढला अशी नोंद होते. माणसाचं काही दुखत नसेल, तो रोज फिरायला जात असेल, तरीही. या नोंदीला किंमत आहे. ती पुढच्या संकटाची चाहूल असते. पण तिकडीनं मिळवलेले आठ महिने हे बऱ्याच अंशी प्रयोगशाळेच्या कागदावरचे महिने असतात. आता तर याहून आधीची खूण घ्यायचं ठरतंय. अस्थिमज्जेत लाख किंवा दहा लाख पेशींमागे एखादी कर्कपेशी उरली आहे का, ते तपासायचं. 2024 च्या एप्रिलमध्ये अमेरिकी नियामकांच्या सल्लागार समितीनं, मायलोमातल्या झटपट मंजुरीसाठी ही खूण चालेल, असं 12 विरुद्ध 0 मतांनी सांगितलं. नवी औषधं लवकर येतील हे खरं. पण अशा खुणेवर तिकडी दुकडीला आणि चौकडी तिकडीला हरवणार हे जवळपास ठरलेलंच आहे. जास्त मारा केला की कमी पेशी उरणार. आत्ता की नंतर हा प्रश्न त्या खुणेतून सुटणं शक्यच नाही, कारण त्याचं उत्तर चारपाच वर्षांनी मिळतं.

आणि त्या चारपाच वर्षांत माणूस कसा जगतो हे कुठल्या रकान्यात येतं? अतिसाराचंच घ्या. त्याच पट्टीप्रमाणे नेहमीपेक्षा दिवसाला चार ते सहा वेळा जास्त जावं लागलं तर दुसरी श्रेणी. सात किंवा जास्त झालं तर तिसरी. निबंधाच्या सारांशात बहुतेकदा तिसऱ्या आणि चौथ्या श्रेणीचे आकडे येतात. सहा महिने रोज सहा जास्तीच्या खेपा घालणारा, बाहेर पडायचं बंद केलेला, लग्नकार्याला न जाणारा माणूस सारांशात नसतो. एका दिवसात सात खेपा होऊन दुसऱ्या दिवशी बरा झालेला असतो. आखूड मुदतीच्या केमोसाठी ही पट्टी ठीक होती. वर्षानुवर्षं, थांबायची तारीख नसताना घ्यायच्या औषधांना ती अपुरी आहे. डेक्सामेथासोनच्या रात्रीचं तर नावच नाही. गोळीच्या दिवशी काका रात्री तीन वाजता कपाट आवरत बसायचे, आणि दोन दिवसांनी उतार लागला की कुणाशी बोलायचे नाहीत. काकूंनी कॅलेंडरवर त्या तारखांना लाल खुणा केल्या होत्या. वहीत त्यासाठी जागा होती ती 'काही त्रास?' या रकान्यात, दोन इंच.

या डेक्सामेथासोनची गोष्ट सांगण्यासारखी आहे. कितीतरी वर्षं ते महिन्याला 480 मिलिग्रॅम दिलं जायचं, चार-चार दिवसांच्या तीन झपाट्यांत. अमेरिकेतले डॉक्टर व्हिन्सेंट राजकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्यानं निदान झालेल्या 445 रुग्णांत ते 160 मिलिग्रॅमशी, म्हणजे आठवड्याला एक मात्रा या पद्धतीशी ताडून पाहिलं. सोबत लेनालिडोमाइड दोन्हीकडे होतं. मोठ्या मात्रेनं आजार जास्त जणांत दबला. पण वर्षाअखेर मोठ्या मात्रेच्या गटात 87 टक्के जिवंत होते आणि छोट्या मात्रेच्या गटात 96 टक्के. बोर्टेझोमिबचंही तसंच. 2003 सालापासून ते शिरेतून दिलं जात होतं आणि हातपाय बधिर करत होतं. तेच औषध, तीच मात्रा, फक्त सुई कातडीखाली दिली, तर परिणाम तोच राहिला आणि बधिरपणाचं तीव्र प्रमाण 16 टक्क्यांवरून 6 वर आलं. हे कळलं 2011 साली, 222 रुग्णांच्या चाचणीतून. आठ वर्षं. कमी द्या, सावकाश द्या, वेगळ्या वाटेनं द्या, थांबवून बघा, असे प्रश्न विचारणाऱ्या चाचण्या उशिरा होतात, कारण कमी औषध वापरलं जावं म्हणून पैसे घालणारा व्यापारी अजून जन्माला यायचाय.

मग हे करणार कोण? नियामकांनी करावं ते सोपं आहे. मंजुरीसाठी येणाऱ्या चाचणीत तुलनेच्या गटाला आजार वाढल्यावर नवं औषध मिळेल अशी हमी आधीच लिहून घ्यावी, आणि ते किती जणांना प्रत्यक्ष मिळालं हे निबंधाच्या पहिल्या पानावर छापायला लावावं. एवढ्यानंसुद्धा 'मिळणं विरुद्ध न मिळणं' याचं 'आत्ता विरुद्ध नंतर' होईल. कंपन्या म्हणतील की असं केल्यानं आयुष्यमानातला फरक पुसला जातो. पुसला गेला तर तेच उत्तर. मुळात ज्यांनी स्वतःचं शरीर चाचणीला दिलं, त्यांना ते औषध शेवटपर्यंत न मिळणं हे तुलनेच्या शुद्धतेसाठी आवश्यक आहे, हा युक्तिवाद मला ऐकवत नाही.

खुद्द क्रमाची चाचणी मात्र सरकारी पैशांवर चालणाऱ्या सहकारी गटांनाच घ्यावी लागेल. हे अशक्य नाही. वयस्कर नव्या रुग्णांसाठी स्पेनच्या मायलोमा गटानं दोन उपचारयोजना, एकामागून एक आणि आलटून पालटून, अशा 233 जणांत ताडून पाहिल्या. निकाल दोन्हीकडे सारखाच आला. असा 'सारखाच' निकाल कुणाच्या जाहिरातीत येत नाही, पण तो कळल्यावर डॉक्टरला रुग्णाच्या सोयीनं निवड करता येते. त्याच वेळी चाचणीत कोण घेतलं जातं तेही बघायला हवं. मूत्रपिंडं थकलेली, वय जास्त, आधीच लेनालिडोमाइडला न जुमानणारा आजार, अशांना पोलक्स आणि ॲस्पायरसारख्या गाजलेल्या चाचण्यांनी दाराबाहेर ठेवलं किंवा फार थोडे घेतले. आणि दवाखान्यात आज समोर बसलेला रुग्ण नेमका असाच असतो.

बेलांटामॅब मॅफोडोटिनचा प्रवास मी मुद्दाम शेवटी ठेवलाय, कारण तो माझ्याही मताला टोचतो. 2020 साली अमेरिकेत घाईनं मंजूर झालं, ड्रीम-3 या चाचणीत एकटं हरलं, 2022 साली तिथल्या बाजारातून मागे घ्यायची वेळ आली. मग ड्रीम-7 मध्ये बोर्टेझोमिब आणि डेक्सामेथासोनच्या सोबत ते उतरलं, तेही डॅराटुमुमॅबच्या तिकडीसमोर, आणि 13.4 महिन्यांसमोर 36.6 महिने मिळवून गेलं. एकट्यानं हरलेल्याला जोडीनं परत आणलं. इथे तुलना आजच्या चांगल्या उपचाराशी होती, हे मला फार आवडलं. पण हे औषध डोळ्यांवर येतं, दृष्टी धूसर होते, मात्रा लांबवाव्या लागतात. वाचता न येणारे किती महिने त्या 36 मध्ये आहेत, आणि तेच औषध दोन वर्षं उशिरा दिलं असतं तर? निबंधात या प्रश्नाला जागा नव्हती.

काकांची तिकडी एकवीस महिने चालली. तिसऱ्यांदा उलटल्यावर नव्या चाचणीचं संमतिपत्र आलं, बावीस पानांचं. काकांनी चष्मा पुसून ते दोन दिवस वाचलं, पेन्सिलीनं खुणा केल्या. एका गटात तीन औषधं होती, दुसऱ्यात चार. भेटीच्या वेळी त्यांनी डॉक्टरांना विचारलं, "चार घ्यायला माझी ना नाही. पण यातलं एखादं पुढच्या वेळेसाठी ठेवून सुरुवात केली तर चालेल का?"

डॉक्टरांनी कागद उलटून पाहिला. म्हणाले, "विचारलंत ते बरोबर आहे. पण या चाचणीत तसा गट नाही."